बोस्टनचे विजयपदक

बोस्टनचे वैद्य डॉ. इलियट जोसलिन यांनी १९४८ च्या सुमारास आपल्या रुग्णांना एक पदक देण्याचा प्रघात पाडला. पंचवीस वर्षे मधुमेह अंगी असूनही ज्याची प्रकृती निर्दोष आहे, असे सर्वांगाची तपासणी, नेत्रपरीक्षा आणि क्ष-किरणांची चित्रे या तिन्हींच्या दाखल्याने सिद्ध होईल, तोच या मानाचा धनी ठरे. पदकावर होडीतून निघालेला एक मुलगा, सोबतीला त्याचा कुत्रा, समोर बेटामागून उगवणारा सूर्य असा देखावा होता आणि अज्ञात सागराचे शोधक अशा अर्थाची अक्षरे होती. ते बेट लँगरहान्सचे, म्हणजे स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचे, हे रोग्यांच्या पोरासोरांनाही ठाऊक असे. शिपायास शौर्याबद्दल बिल्ला द्यावा ही रीत जुनीच. पण रोग्यास, रोग कायम असताना, केवळ धडधाकट राहिल्याबद्दल सन्मानावे, ही कल्पना एखाद्या कडक धर्मोपदेशकाच्या प्रकृतीच्या वैद्यासच सुचावी.

जोसलिन हे हिशेबी गृहस्थ होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या प्रत्येक मधुमेही रुग्णाची नोंद ते खतावणीत करीत आले, आणि त्या दप्तरातले सुरुवातीचे आकडे वाचताना आजही मन विषण्ण होते. दहा वर्षांच्या मुलास हा रोग जडला, तर त्याचे उरलेले आयुष्य वर्ष-दीड वर्षाचे. उपाय एकच, उपासमार. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ ऑगस्ट १९२२ मध्ये टोरोंटोस इन्शुलिनचे एक शोधक बँटिंग यांच्याकडे पोहोचली, तेव्हा पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या त्या मुलीचे वजन जेमतेम वीस किलो भरले. त्याच वर्षीच्या जानेवारीत, त्याच शहरात, लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिनची पहिली सुई टोचली गेली होती. एलिझाबेथ पुढे १९८१ पर्यंत जगली, तिने संसार केला, आणि आपला रोग मात्र जन्मभर बहुतेकांपासून लपवून ठेवला. पदक मिरविणाऱ्यांच्या इतिहासात न मिरविणाऱ्या या बाईची आठवण ठेवणे मला अगत्याचे वाटते.

मरण टळले, पण टळलेल्या मरणाची बाकी पुढे वसूल होऊ लागली. वाचलेली मुले पंधरा-वीस वर्षांनी, ऐन तारुण्यात, दृष्टी गमावू लागली, त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. मूत्रपिंडातील त्या विकृतीचे वर्णन किमेलस्टील आणि विल्सन यांनी १९३६ साली बोस्टनमध्येच केले, हा योगायोग क्रूरच म्हणावा लागेल. यास जबाबदार कोण, यावर वैद्यांत तट पडले. रक्तातील शर्करा ताब्यात ठेवील तो वाचेल, असा जोसलिन यांचा निर्धार. तर रोग्यास हवे ते खाऊ द्यावे, लक्षणे दिसली नाहीत म्हणजे पुरे, असा न्यूयॉर्कच्या टॉल्स्टॉय आदी मंडळींचा पक्ष. निकाल लागला तो १९९३ साली, १४४१ रुग्णांवर दशकभर चाललेल्या प्रयोगानंतर, जोसलिन यांच्या मृत्यूस एकतीस वर्षे लोटल्यावर, आणि तो त्यांच्या बाजूने लागला: काटेकोर उपचाराने दृष्टिपटलाचा विकार उद्भवण्याचा धोका सुमारे तीन चतुर्थांशाने घटला.

तथापि या विजयात एक काटा होता. रुग्णाच्या आचरणाची परीक्षा घेऊन पदक देताना हा रोग मुळात कसा होतो हेच कोणास ठाऊक नव्हते. ब्रुसेल्सच्या गेप्ट्स यांनी १९६५ साली नुकताच रोग जडून दगावलेल्यांची स्वादुपिंडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तो त्या बेटांभोवती पांढऱ्या पेशींचा वेढा पडलेला. आणि १९७४ साली लंडनमध्ये बोट्टाझो, डोनियाक आदींनी रुग्णांच्या रक्तात त्याच बेटांविरुद्धची प्रतिद्रव्ये दाखवून दिली. शरीराचे रखवालदारच घर लुटीत होते, आणि त्यात रोग्याच्या संयमाचा वा असंयमाचा काही संबंध नव्हता.

दरम्यान १९७० साली जोसलिन यांच्या संस्थेने पन्नास वर्षे पुरी करणाऱ्यांसाठी पदक सुरू केले, आणि त्यासाठी निर्दोष शरीराची अट ठेवली नाही. ही सुधारणा मला मूळ प्रथेहून थोर वाटते. पुढे याच मानकऱ्यांच्या तपासणीत जे निघाले त्याने जोसलिन यांनाही चकित केले असते: अर्ध्या शतकानंतरही निम्म्याहून अधिकांच्या रक्तात स्वतःच्या इन्शुलिनचा माग सापडला, दृष्टिपटलाच्या गंभीर विकारापासून चाळीस टक्क्यांहून अधिक लोक मुक्त होते, आणि त्यांच्या निरोगीपणाचा शर्करेच्या ताब्याशी अपेक्षित मेळ बसेना. मृत्यूनंतर ज्या नऊ जणांचे स्वादुपिंड अभ्यासास मिळाले, त्या प्रत्येकात इन्शुलिन करणाऱ्या काही पेशी अजून शिल्लक होत्या.