संमतीपत्रावर सही

मास्क नाकावर ओढून घ्या. आज १४ जुलै २०२१, बुधवार. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात, मारुतीच्या पारासमोर तुम्ही उभे आहात. सभा शाळेत घ्यायची होती. पण उन्हाळ्यात शाळेच्या दोन खोल्या विलगीकरणासाठी घेतल्या होत्या आणि त्या अजून फवारलेल्या नाहीत. म्हणून पारासमोरच्या मातीत चुन्याचे चौकोन आखलेत, एका चौकोनात एक माणूस. ग्रामपंचायतीचा शिपाई तुमच्या कपाळासमोर तापमापक धरतो, हातावर सॅनिटायझर ओततो आणि मागच्या ओळीतला एक चौकोन दाखवतो. तिथं बसा. बोलू नका, फक्त ऐका.

मुख्याध्यापक ७ जुलैचा शासन निर्णय वाचून दाखवताहेत. गावात महिनाभर कोरोनाचा एकही रुग्ण नसेल तर आठवी ते बारावीचे वर्ग उद्यापासून भरवता येतील. त्यासाठी पालकांशी बोलून ग्रामपंचायतीनं ठराव करायचा. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची, तीत तलाठी, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांत सहा फूट अंतर, एका वर्गात पंधरा-वीस मुलं. एखादं मूल बाधित निघालं तर शाळा लगेच बंद. आणि शेवटी पालकांची लेखी संमती.

लेखी संमती म्हणताच चौकोनांमध्ये चुळबूळ होते.

“म्हंजे उद्या काय झालं तर जिम्मेदारी आमची?” दुसऱ्या ओळीतला एक शेतकरी उभा राहतो. एप्रिलमध्ये त्याचा थोरला भाऊ गेला. “गुरुजी, तुमच्यावर राग नाही माझा. पण दादाला खाट मिळाली नव्हती. अंबाजोगाईला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.” अंबाजोगाईचं नाव निघताच सगळे गप्प होतात. तिथं एप्रिलच्या अखेरीस एका रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानात नेले होते. ती बातमी या गावानं नुसती वाचलेली नाही, आपल्या माणसाचा फोन लागत नव्हता त्याच आठवड्यात ती वाचली आहे. “आता तिसरी लाट लेकरांवर येणार म्हणतेत. सरकारच लेकरांसाठी वॉर्ड बांधायलंय. मग मी सही कशी करू?”

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीत ओमायक्रॉन येईल, झपाट्यानं पसरेल, आणि ज्या वॉर्डांची भीती हा माणूस घेऊन बसला आहे ते वॉर्ड लेकरांनी भरून जाणार नाहीत. पण हे कळायला अजून सहा महिने जायचे आहेत. आज मुलांसाठी लस नाही, मोठ्यांची लस तालुक्याला जाऊन रांगेत उभं राहूनही मिळेलच असं नाही. तुमच्या खिशातली पुढची बातमी काढून त्याच्या भीतीला नावं ठेवू नका. आज हातात जेवढं आहे, तेवढ्यावर तो बरोबर बोलतो आहे.

पलीकडचा एक बाप मात्र थांबत नाही. “तुमचं दुःख खरं हाय, तात्या. पण माझ्या घरी तीन लेकरं आणि एक मोबाईल. तो मी रानात नेला की तिघंबी बसून. अन् घरी ठेवला तरी रेंज टेकडीवर. सह्याद्री वाहिनीवर पोरांच्या अभ्यासाचं टिलीमिली लागायचं, तेव्हा वीज नसायची.” मग तो मुलीचं सांगतो. ती नववीत आहे. परवा, १६ तारखेला, दहावीचा निकाल लागणार आहे तो परीक्षा न होताच. शंभरातले पन्नास गुण नववीचे धरलेत. “म्हंजे नववी गेली तर सगळंच गेलं. अन् तिनं नववीचं पुस्तक अजून उघडलं नाही.”

याच आठवड्यात राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनं पालकांना विचारलं होतं की शाळा सुरू कराव्यात का. जवळजवळ सात लाख पालकांनी उत्तर दिलं आणि ८१ टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले. सर्वेक्षण ऑनलाइन होतं. टेकडीवर न चढता ज्यांना रेंज मिळते, त्यांची ही मतं. ज्यांना शाळेची गरज सगळ्यात जास्त, त्यांना कुणी विचारलंच नाही, हे मला त्या ८१ टक्क्यांपेक्षा मोठं वाटतं.

मागे वळून बघा. चौकोनाच्या बाहेर, लिंबाखाली बायका बसल्यात. त्यातली एक पदर तोंडावर धरून बोलते, उभी राहत नाही. “आमाला दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघायचंय. मुकादमाची उचल घेतली हाय. गेल्या साली हंगामी वसतिगृह बंद, शाळा बंद. पोरगी संगं नेली. पाचटात बसून धाकट्याला सांभाळायची, मोळ्या वाहायची. उन्हाळ्यात घरी आलो तर पाव्हणे स्थळ घेऊन दारात.” ती थांबते. “आठवीत हाय ती. आता शाळा उघडली तर तीन महिने तरी मिळतील. नाव चालू राहिलं तर म्हणता येतं, पोरगी शिकायलीय.”

या बाईसाठी शाळा म्हणजे अभ्यास तर आहेच, शिवाय दारात आलेल्या पाहुण्याला द्यायचं उत्तर आहे. ‘शाळा की जीव’ असा प्रश्न त्या वर्षी पुष्कळांनी मांडला. या लिंबाखाली बसून तो तसा मांडता येत नाही, कारण शाळा बंद राहण्यातही पोरीचा जीव गुंतलेला आहे.

गुरुजींना प्रश्न विचारला जातो: तुम्ही रोज तालुक्याहून मोटारसायकलवर येता, आजार तुम्हीच आणला तर? नियमात आहे की शिक्षकांनी गावात राहावं किंवा सार्वजनिक वाहन तरी वापरू नये. गुरुजी एवढंच म्हणतात, “मी खोली बघतो.” मग एक आजी तिसरीतल्या नातवाचं विचारते. त्याच्यासाठी या कागदात काहीच नाही. जून २०२० मध्ये पहिलीत ज्यांची नावं घातली, त्या गावाकडच्या मुलांचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पर्यंत उघडायचे नाहीत. तोवर ती दुसरीत गेलेली असतील. फोनवरून अक्षर गिरवणं ज्यांना सगळ्यात अवघड, त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. हा क्रम उलटा हवा होता, असं मी आजही म्हणेन.

सरपंचताई हात वर करायला सांगतात. बहुतेक हात वर जातात. भाऊ गेलेला शेतकरी हात वर करत नाही, पण विरोधही करत नाही. “ज्याला पाठवायचं त्यानं पाठवावं. माझा पोरगा महिनाभर थांबंल.” ठराव लिहिला जातो. तेवढ्यात आशाताई वही उघडून सांगतात की गावातला शेवटचा रुग्ण १९ जूनचा. महिना भरायला अजून पाच दिवस आहेत.

ते पाच दिवस पुरे होण्याआधीच वस्तीवर एक जण बाधित निघतो. मोजणी पुन्हा एकपासून. ऑगस्टमध्ये सरकार १७ तारीख जाहीर करतं, राज्याचा कोविड टास्क फोर्स हरकत घेतो, तारीख मागे पडते. तुम्हाला हे महिने भरभर ओलांडता येतात. लिंबाखालच्या बाईला येत नाहीत.

आता ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. राज्यभर शाळा उघडतात. खेड्यांत पाचवी ते बारावी, शहरांत आठवी ते बारावी. वर्गांत फवारणीचा वास अजून आहे. तात्यांचा पोरगा दुसऱ्या बाकावर एकटा बसलाय. संमतीपत्रावरची बापाची सही तीनदा दुमडलेली आहे. दसरा १५ तारखेला. लिंबाखालच्या बाईच्या पोरीच्या वाट्याला तीन महिन्यांऐवजी अकरा दिवस आले.

तिची आई फाटकाशी थांबली आहे, पालकांना आत यायची परवानगी नाही. गुरुजी बाहेर येतात. वसतिगृह यंदा सुरू होईल का, ती विचारते. प्रस्ताव पाठवलाय, मंजुरी आलेली नाही, ते सांगतात.

“मग माझी आई राहील इथं पोरीसंगं,” ती म्हणते. “तेवढं राशन बघा, गुरुजी. अन् कुणी पाव्हणं आलं तर मला फोन लावा, मी कारखान्यावर असंन.”

गुरुजी हजेरीपटाच्या मागच्या पानावर मुकादमाचा नंबर लिहून घेतात.