यमुना खादर (दिल्ली)

यमुना नदीचे दिल्लीतील पूरमैदान. नदी उत्तरेस पल्ला गावाजवळ दिल्लीच्या हद्दीत शिरते आणि दक्षिणेस जैतपूरजवळ बाहेर पडते. या सुमारे ५० किमी.च्या टप्प्यात पात्र आणि दोन्ही काठांची सखल जमीन मिळून सुमारे ९७ चौ. किमी. क्षेत्र भरते. पुराबरोबर नवा गाळ येत राहतो ती जमीन खादर; पुराच्या आवाक्याबाहेरची, जुन्या गाळाची उंच जमीन बांगर. नकाशावर खादर मोकळी जागा दिसते. प्रत्यक्षात ती नदीच्या पात्राचाच भाग आहे, फक्त वर्षातले बरेच महिने कोरडा असणारा.

अरवलीची शेवटची टेकडी वजीराबादजवळ नदीला भिडते. तिच्यामुळे यमुनेला पश्चिमेकडे सरकायला वाव नाही. पूर्वेकडे मात्र सपाट गाळाची जमीन पसरली आहे. लाल किल्ला बांधला गेला (१६३९–४८) तेव्हा नदी त्याच्या पूर्वेकडील तटाला लागून वाहत होती. आज किल्ला आणि नदी यांच्यामधून रिंग रोड जातो. पुरात बेटे बुडतात, नवी तयार होतात, जुना प्रवाह तुटून त्याची डबकी उरतात.

मराठी इतिहासातील काही कटू प्रसंग याच भूमीवर घडले. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेशी लढताना दत्ताजी शिंदे पडले. हिवाळ्यात पाणी उतरलेले होते. पात्रातील बेटे आणि झाऊचे उंच रान शत्रूला आडोसा देणारे ठरले. त्याच वर्षी पावसाळाभर फुगलेल्या यमुनेने भाऊसाहेबांचे आणि अब्दालीचे सैन्य दोन काठांवर अडवून धरले. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ उतार शोधून नदी ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तुटला. पानिपतचा विचार करताना नदीच्या या चढउताराला आपण फार थोडी जागा देतो.

झाऊ, काश, नळ आणि पाणकणीस या खादरच्या मूळ वनस्पती. प्रदूषित, संथ पाण्यात आता जलपर्णी माजते. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक उतरतात. एरवी समुद्रकिनाऱ्याशी नाते असलेले कुरवसुद्धा निगमबोध घाटाजवळ थव्याने दिसतात. ओखला बंधाऱ्याच्या फुगवट्यावर १९९० मध्ये पक्षी अभयारण्य घोषित झाले. वाळूच्या जाड थरांत पुराचे पाणी मुरून साठते, आणि पल्ला परिसरातील विहिरींतून ते शहराला पुरवले जाते. तहानलेल्या राजधानीसाठी खादरचे हे काम कोणत्याही उद्यानापेक्षा मोलाचे आहे. पूर ओसरल्यावर शेतकरी इथे भाजीपाला, टरबूज, काकडी पिकवतात. पुराचा पहिला फटकाही त्यांच्याच झोपड्यांना बसतो.

वजीराबाद ते ओखला हा सुमारे २२ किमी.चा टप्पा १,३७६ किमी. लांबीच्या नदीच्या दोन टक्क्यांहूनही कमी; पण नदीतील बहुतांश प्रदूषण इथलेच. वजीराबादच्या बंधाऱ्यावर पिण्यासाठी पाणी उचलले जाते आणि खाली लगेच नजफगढ नाला मिळतो. पावसाळ्याव्यतिरिक्त पुढे वाहते ते मुख्यतः सांडपाणी. दुसरा धोका भूकंपाचा : दिल्लीला भूकंपाचा धोका मोठा आहे आणि पाण्याने भरलेली सैल वाळू हादऱ्यात द्रवासारखी वागू शकते.

सर्वांत मोठा धोका पुराचा. लोखंडी पुलाजवळ (१८६६) पातळी मोजतात. धोक्याची खूण २०५.३३ मी. सप्टेंबर १९७८ मध्ये हरयाणातील ताजेवाला येथून सुमारे ७ लाख क्युसेक पाणी सुटले आणि दिल्लीत पातळी २०७.४९ मी. झाली. १३ जुलै २०२३ रोजी ती २०८.६६ मी.वर गेली, या वेळी ताजेवालाच्या जागी आलेल्या हथनीकुंड बंधाऱ्याचा सर्वाधिक विसर्ग ३.५९ लाख क्युसेक होता. म्हणजे विसर्ग जवळपास निम्मा आणि पातळी मीटरभर जास्त. १९७८ मध्ये बांध फुटून पाणी वस्त्यांत पसरले होते, हे या तुलनेत ध्यानात ठेवायला हवे. तरीही पूल, बांध, भराव आणि साचलेला गाळ यांनी नदीची वाट अरुंद केली, हे नाकारता येत नाही. २०२३ मध्ये आयटीओ बंधाऱ्याचे काही दरवाजे गाळात रुतून उघडलेच नाहीत. पाणी लाल किल्ल्याच्या तटापर्यंत, राजघाटावर आणि काश्मिरी गेटपर्यंत आले. वजीराबाद, चंद्रावल व ओखला ही जलशुद्धीकरण केंद्रे बंद पडली, आणि पुरातच पिण्याच्या पाण्याची टंचाई झाली.

समुद्रकिनाऱ्यांवरील बांधकामाला आळा घालणारी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ पासून आहे. नदीकाठांसाठी देशभर लागू होणारी तशी अधिसूचना अजून नाही. महाराष्ट्रात निळ्या व लाल पूररेषा आखतात. दिल्लीच्या विकास आराखड्यात खादर नदीसाठीच्या ‘ओ’ विभागात येते. तरीही अक्षरधाम मंदिर (२००५) आणि राष्ट्रकुल क्रीडाग्राम (२०१०) याच पूरमैदानावर उभे राहिले. ‘यमुना जिये अभियान’चे मनोज मिश्रा यांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, १३ जानेवारी २०१५ च्या निकालाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा धरून पूरमैदानातील बांधकामाला मनाई केली. अंमलबजावणी अपुरी राहिली. यमुना जैवविविधता उद्यानात प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली पाणथळे व मूळ वनस्पती पुन्हा वाढवण्यात आल्या, आणि असे काम शक्य आहे हे त्यातून सिद्ध झाले. दिल्ली विकास प्राधिकरणाने अलीकडे ‘असिता’, ‘बांसेरा’ यांसारखी उद्यानेही केली. २०२३ मध्ये त्यांतही पुराचे पाणी शिरले. शोभेची हिरवळ आणि फरसबंद वाटा यांच्यापेक्षा पाणथळ, झाऊ आणि गवत हीच इथली योग्य लागवड होय, कारण ती पूर सोसते आणि पाणी मुरवते. सप्टेंबर २०२५ मध्ये नदीची पातळी पुन्हा २०७.४८ मी.पर्यंत पोहोचली, १९७८ च्या पातळीहून केवळ एक सेंटिमीटर खाली.