पडसें आणि मानमोडी

घरांत कोणाला शिंका येऊं लागल्या म्हणजे आपण पडसें म्हणतों, छाती भरली म्हणजे खोकला म्हणतों आणि अंग तापलें म्हणजे बारीक ताप आहे म्हणतों. एवढ्या तीन शब्दांवर आपल्या संसारांतलीं पुष्कळशीं आजारपणें निभावतात. चौथा एक शब्द महाराष्ट्राला १९१८ सालीं शिकावा लागला. तो शब्द मानमोडी. डॉक्टर मंडळी त्या रोगाला इन्फ्लुएंझा म्हणत, आणि आज शाळेंतलें पोरही त्याला फ्लू म्हणतें. पण खेड्यापाड्यांतल्या माणसांनीं ठेवलेलें नांव अधिक बोलकें होतें. ज्या रोगांत धडधाकट माणसाला मान वर करवत नाहीं, तो मानमोडी. पडसें आलेला माणूस कुरकुरत कां होईना कामावर जातो. मानमोडी झालेला माणूस अंथरुणावरून उठत नाहीं. दोहोंतला फरक इतका सरळ असतांना १९१८ सालीं तो वेळेवर ध्यानांत कां आला नाहीं, हें आज श्रोत्यांना सांगावयाचें आहे.

त्या वर्षीं १० जूनला मुंबईंत पोलीस खात्यांतले सात शिपाई तापानें इस्पितळांत दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. ताप हिंवतापाचा नव्हे, एवढेंच डॉक्टरांना सांगतां आलें. पुढच्या दोन आठवड्यांत गोदींतले कामगार, पेढ्यांतले कारकून, टपाल व तारखात्यांतले नोकर, गिरणीकामगार असे एकामागून एक आजारी पडूं लागले. महायुद्ध चालूं होतें आणि बंदरांत फौजेचीं जहाजें येत होतीं. मुंबई म्युनिसिपालिटीचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचें म्हणणें असें कीं, रोग जहाजानें आणला. सरकारी बाजूचें म्हणणें असें कीं, जहाजावरच्या लोकांनाच तो मुंबईंत जडला. हा वाद चालूं असतांना रोग आपलें काम करून गेला. चारेक आठवड्यांत पहिली लाट ओसरली. पुष्कळ लोक आजारी पडले, पण मेले त्या मानानें थोडे. साहजिकच लोकांनीं आणि अधिकाऱ्यांनीं सुटकेचा श्वास टाकला. पावसाळ्याच्या तोंडीं येणारी ताप-सर्दीची नेहमींचीच साथ, जरा मोठी, अशी समजूत झाली. आणि पुढें जें झालें त्याची तयारी कोणीं केली नाहीं.

येथें थोडें मागें जाणें अवश्य आहे. त्यापूर्वीं वीस-बावीस वर्षें, १८९६ पासून, मुंबईनें प्लेग भोगला होता. मुंबई सोडून पळणारे लोक आगगाडीनें बाहेर पडत, म्हणून कल्याण स्टेशनावर उतारूंना उतरवून त्यांची तपासणी होई. त्या तपासणीनें लोकांना काय सोसावें लागलें, हा निराळा विषय आहे. परंतु प्लेगला निदान कांहीं खूण होती. काखेंत किंवा जांघेंत गांठ लागली कीं तपासणाराच्या बोटांना ती कळे. इन्फ्लुएंझाला अशी गांठ नाहीं. शिवाय, रोग जडल्यावर ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो दुसऱ्याला देऊं लागतो. त्यामुळें १९१८ सालीं कल्याणला कितीही डॉक्टर उभे केले असते, तरी खरा धोकादायक उतारू हंसतमुखानें त्यांच्यापुढून निघून गेला असता.

आणि उतारू थोडे नव्हते. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी आली. दुसऱ्या वर्षीं रूळ कल्याणला पोंचले. कल्याणास मार्गाचे दोन फांटे होतात. एक कसाऱ्यावरून थळघाट चढून नाशिक-खानदेशाकडे व पुढें उत्तरेला जातो. दुसरा कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे आणि दक्षिणेकडे जातो. मुंबईंत सकाळीं शिंकलेला माणूस दुसऱ्या दिवशीं देशाच्या कोणत्या टोकाला असेल, हें कल्याणच्या सांध्यावर ठरे. साथीच्या प्रसारांत रेल्वेचा हात मोठा होता, हें हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनींच नमूद केलें आहे. आज ठाणें, डोंबिवली, कल्याण ह्या स्टेशनांवर सकाळीं आठच्या सुमारास जी गर्दी लोटते, तिच्या मानानें तेव्हांची गर्दी कांहींच नव्हती. डोंबिवली हें तर भातशेतीचें लहानसें गांव होतें. पण रोगाला गर्दीपेक्षां गाडी पुरे होते.

सप्टेंबरांत दुसरी लाट आली. तोंपर्यंत त्या वर्षाचा पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलें होतें आणि अन्नाच्या आशेनें माणसें शहरांकडे येत होतीं. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ माणसें मेलीं. ठाणें जिल्ह्यांत हे दिवस भाताच्या कापणीचे. जें काय पीक उभें होतें तें कापावयाला हात लागणार, आणि नेमके तेच हात अंथरुणावर. कारण नेहमींचा इन्फ्लुएंझा म्हातारे आणि तान्हीं मुलें नेतो. ह्या साथीनें वीस ते चाळीस वयाचीं माणसें नेलीं. आपल्या देशांत पुरुषांपेक्षां बायका अधिक मेल्या. आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढावयाची, सकाळीं चूल पेटवावयाची, आणि स्वतःचें अंग तापलें तर तें कोणाला सांगावयाचें नाहीं, ही ज्यांची रीत, त्यांच्या वांट्याला दुसरें काय येणार?

मुंबईच्या आंकड्यांतली एक गोष्ट मात्र कोणत्याही वैद्यकाच्या ग्रंथांत बसत नाहीं. युरोपियनांत हजारीं ८.३ माणसें दगावलीं, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना सरकारी कागदांत हलक्या जातीचे हिंदू म्हटलें आहे, त्यांच्यांत ६१.६. जंतु एकच होता. एका खोलींत किती माणसें निजत, पोटांत अन्न किती होतें, आणि उशाशीं पाणी द्यायला कोणी होतें कीं नाहीं, एवढाच फरक. हें ओळखून सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांनीं चाळींतून औषध आणि दूध पोंचविलें. दूध हें त्या दिवसांत औषधाइतकेंच, किंबहुना अधिक, उपयोगी पडलें असावें, असें माझें मत आहे. कारण त्या रोगावर खरें औषध कोणाजवळच नव्हतें.

मेलेल्यांची मोजदादही ह्याच घोटाळ्यांत सांपडली. खेड्यांत जन्ममृत्यूची नोंद पोलीस पाटील करी. त्याच्या वहींत ‘ताप’ हें एक मोठें सदर असे. हिंवताप, विषमज्वर, मानमोडी, सर्व त्यांत. तेव्हां इतिहासकारांना नेहमींच्या वर्षीं तापानें किती मरतात तें पाहून त्याहून अधिक झालेले मृत्यु ह्या साथीच्या नांवावर मांडावे लागले. मुंबई इलाख्यापुरता हा आंकडा दहा लाखांच्या वर जातो. सबंध देशाचा पहिला सरकारी अदमास साठ लाखांच्या आसपास होता. पुढच्या अभ्यासकांनीं तो सव्वा कोटीपासून दोन कोटींच्या घरांत नेला. १९११ ते १९२१ ह्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली, ती ह्यामुळें.

डॉक्टरांना दोष देणें सोपें आहे. परंतु त्यांच्या हातांत साधनच चुकीचें होतें. १८९२ पासून फायफर ह्या जर्मन पंडितानें शोधलेला एक जंतु इन्फ्लुएंझाचें कारण म्हणून मान्य झाला होता. तो कांहीं रोग्यांत सांपडे, कांहींत सांपडत नसे. खरें कारण १९३३ सालीं लंडनमध्यें सांपडलें. तो साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा विषाणु होता. फेरेट नांवाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकांत तो सोडून त्याला आजारी पाडीत. असाच एक फेरेट पुढें एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि संशोधक इन्फ्लुएंझानें निजला. पुरावा म्हणून याहून अधिक काय हवें! पडशाचा मुख्य विषाणु तर १९५० नंतरच्या दशकांत हातीं लागला, आणि तो एक नसून त्याचे दीडशेंहून अधिक प्रकार निघाले. पडशावर लस कां नाहीं, ह्याचें उत्तर बव्हंशीं येथें आहे. इन्फ्लुएंझावर लस आहे, पण त्याचा विषाणु वेष पालटीत असल्यामुळें ती दरवर्षीं नवी घ्यावी लागते.

म्हणजे हे दोन रोग एकाच रोगाच्या लहानमोठ्या पायऱ्या नव्हेत. पडसें वाढून इन्फ्लुएंझा होत नाहीं. पडसें पावलापावलानें येतें: आज घसा खवखवतो, उद्यां नाक वाहतें, परवां तें चोंदतें, मोठ्या माणसाला ताप बहुधा नसतोच. इन्फ्लुएंझा झडप घालतो. सकाळीं बरा असलेला माणूस दुपारीं हुडहुडी भरून पडतो, ताप १०२-१०३ अंशांवर जातो, डोकें, पाठ आणि सांधे ठणकतात, खोकला कोरडा असतो, आणि थकवा पुढें आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो. मात्र लक्षणांवरून केलेला हा निवाडा पक्का नसतो. पक्का निकाल नाकांतल्या स्रावाच्या तपासणीनेंच लागतो. आपल्या भागांत फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्याचा. हिंवताप आणि डेंग्यूही त्याच दिवसांतले, तेव्हां जुलै-ऑगस्टमधला ताप घरच्या घरीं ओळखण्याची हौस बरी नव्हे. उलट चूकही होते. १९१८ सालीं लोकांनीं इन्फ्लुएंझाला पडसें मानलें. २००९ च्या ऑगस्टांत पुण्यांत स्वाइन फ्लूचा देशांतला पहिला मृत्यु झाला, तेव्हां साधें पडसें आलेले हजारों लोक तपासणीच्या रांगांत जाऊन उभे राहिले.

१९१८ चे बहुतेक मृत्यु इन्फ्लुएंझानें एकट्यानें घडविलेले नव्हते. त्यानें फुप्फुसांचें दार उघडें टाकलें आणि मागाहून दुसरे जंतु शिरून न्युमोनिया झाला. त्या न्युमोनियावर तेव्हां कांहीं नव्हतें; आज आहे. विषाणूवरचें औषधही आहे, पण तें पहिल्या दोन दिवसांत घेतलें तर अधिक गुण देतें, आणि पडशावर त्याचा कांहीं उपयोग नाहीं. म्हणून ताप उतरून माणूस उठून बसला, आणि पुन्हां ताप चढून धाप लागली, छातींत दुखूं लागलें किंवा ओंठ निळसर दिसूं लागले, तर काढ्याचें भांडें चुलीवरून उतरवून आधीं डॉक्टरकडे जावें.