औषध चाचणीच्या फॉर्मवर सही करण्याआधी हे वाचा : भोपाळने दिलेला धडा, 2019 चे नियम आणि तुमचे हक्क

भोपाळ : शाहपुरा, अरेरा कॉलनी, कोलार रोड या भागांत राहणारी मराठी कुटुंबे असोत, की उपचारासाठी नागपूर गाठणारे बैतूल, छिंदवाडा, बालाघाटकडचे पेशंट असोत, मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेल्यावर कधी ना कधी एक प्रश्न कानावर पडू शकतो. "एक नवीन औषध आलंय, स्टडी सुरू आहे, तुम्ही भाग घेणार का?" सोबत दहा-पंधरा पानांचा फॉर्म येतो आणि शेवटच्या पानावर सहीची जागा असते.

हा फॉर्म म्हणजे क्लिनिकल ट्रायलचा, म्हणजेच औषध चाचणीचा संमतीपत्र. त्यावर सही करणे चूक नाही आणि नकार देणेही चूक नाही. पण न वाचता सही केली तर काय होऊ शकते, हे देशात भोपाळइतके क्वचितच कुठल्या शहराने पाहिले असेल. म्हणून हा विषय सुरुवातीपासून समजून घेऊ.

क्लिनिकल ट्रायल म्हणजे नेमके काय?

नवे औषध, लस, उपकरण किंवा शस्त्रक्रियेची नवी पद्धत माणसांवर सुरक्षित आहे का आणि खरेच उपयोगी पडते का, हे ठरलेल्या आराखड्यानुसार तपासणे म्हणजे क्लिनिकल ट्रायल. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासणी झाल्यावरच माणसांची पाळी येते. औषधाचे साधारण चार टप्पे असतात.

पहिला टप्पा : मोजक्या लोकांवर, बहुतेक वेळा निरोगी स्वयंसेवकांवर. औषध अंगाला सोसते का, डोस किती असावा, एवढेच पाहतात.

दुसरा टप्पा : तो आजार असलेल्या थोड्या पेशंटवर. गुण येतो का, याचा अंदाज घेतात.

तिसरा टप्पा : शेकडो ते हजारो लोकांवर. नव्या औषधाची तुलना जुन्या औषधाशी किंवा प्लासिबोशी करतात. प्लासिबो म्हणजे औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी किंवा सुई.

चौथा टप्पा : औषध बाजारात आल्यावर त्यावर ठेवलेली नजर.

कोणाला खरे औषध आणि कोणाला प्लासिबो, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. बऱ्याचदा ते पेशंटलाही माहीत नसते आणि डॉक्टरलाही नसते. इथेच सर्वात मोठा गैरसमज होतो. पेशंटला वाटते, डॉक्टर माझ्यासाठी सर्वात चांगले औषध निवडून देत आहेत. प्रत्यक्षात ट्रायलचा हेतू माहिती मिळवणे हा असतो. त्यातून पेशंटला फायदा होईलच याची हमी नसते.

मग चाचण्या हव्यातच कशाला?

कारण चाचणीशिवाय औषध म्हणजे अंधारात मारलेला तीर. कोविडच्या पहिल्या लाटेत प्लाझ्मासाठी लोक रात्र-रात्र फिरत होते. आयसीएमआरने 39 हॉस्पिटलांत 464 पेशंटवर प्लाझ्माची चाचणी घेतली. मृत्यू टाळण्यात किंवा आजार गंभीर होण्यापासून रोखण्यात प्लाझ्माचा फायदा दिसला नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि मे 2021 मध्ये प्लाझ्मा सरकारी उपचार-सूचीतून काढला गेला. ही चाचणी झाली नसती तर लोकांची ती धावपळ आणखी किती दिवस चालली असती, सांगता येत नाही.

चांगल्या चाचण्यांची उदाहरणे मराठी मुलखातही आहेत.

गडचिरोली : डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत राबवली आणि दुसऱ्या 47 गावांशी तिची तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात 62 टक्के घट दिसली. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला. पुढे हीच कल्पना आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली.

धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) : बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने 30 ते 59 वयाच्या 1,31,746 महिलांवर अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या महिलांची तपासणी का केली नाही, यावर नंतर बराच वाद झाला. चांगल्या कामालाही नैतिकतेचे प्रश्न चुकत नाहीत, ते असे.

मुंबई : टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती भुलीचे साधे, स्वस्त इंजेक्शन देऊन पाहिले. 11 केंद्रांवर जवळपास 1,600 महिला यात होत्या. इंजेक्शन दिलेल्या गटात पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण 90.1 टक्के, तर न दिलेल्या गटात 86.4 टक्के निघाले.

भोपाळमध्ये काय घडले?

2-3 डिसेंबर 1984 च्या रात्रीनंतर गॅसपीडितांसाठी सुप्रीम कोर्टाच्या आदेशातून करोंद भागात भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल (बीएमएचआरसी) उभे राहिले. 2000 पासून तिथे उपचार सुरू झाले. याच हॉस्पिटलमध्ये 2004 ते 2008 या काळात अनेक औषध चाचण्या झाल्या. त्यात मोठ्या संख्येने गॅसपीडित होते आणि काही पेशंट दगावले. आपल्यावर चाचणी चालू आहे हेच सांगितले नव्हते, असे अनेक पेशंट आणि नातेवाईकांचे म्हणणे होते. माहितीच्या अधिकारात कागद बाहेर आले तेव्हा प्रकरण देशभर गाजले. पुढे हॉस्पिटल ट्रस्टकडून केंद्र सरकारकडे गेले आणि आज ते आयसीएमआरच्या अखत्यारीत आहे.

शेजारच्या इंदूरमध्येही असेच झाले. एमजीएम मेडिकल कॉलेज आणि त्याच्याशी जोडलेल्या सरकारी हॉस्पिटलमधील चाचण्यांवर डॉ. आनंद राय यांनी आवाज उठवला. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचने 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली. या खटल्यात केंद्राने दिलेली आकडेवारी धक्कादायक होती. जानेवारी 2005 ते जून 2012 दरम्यान नव्या औषधांच्या चाचण्यांत 2,644 मृत्यू झाले. त्यापैकी 80 मृत्यू चाचणीमुळेच झाल्याचे मानले गेले. बाकीचे मूळ आजारामुळे, असे सांगण्यात आले. मृत्यू कशामुळे झाला हे ठरवण्याची पद्धतच तेव्हा ढिली होती, हा याचिकाकर्त्यांचा मुख्य आक्षेप होता.

या दबावातून 2013 मध्ये भरपाईचा नियम आला आणि त्याच वर्षी संमतीचे व्हिडिओ चित्रण सक्तीचे झाले. 2015 मध्ये ही सक्ती कमी करून ती प्रामुख्याने दुर्बल गटांतील सहभागींपुरती ठेवली गेली. आणि 19 मार्च 2019 रोजी 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम' लागू झाले. आज हेच नियम चालतात.

कोव्हॅक्सिन आणि 750 रुपये

नियम झाले तरी प्रश्न संपले नाहीत. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याची चाचणी नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झाली. देशभरात 25 केंद्रे आणि 25,800 स्वयंसेवक. निम्म्यांना लस, निम्म्यांना प्लासिबो. भोपाळमधील केंद्र पीपल्स कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेस हे होते.

युनियन कार्बाइडच्या कारखान्याजवळच्या शंकर नगर, गरीब नगर, उडिया बस्ती अशा वस्त्यांतल्या अनेकांनी या चाचणीत भाग घेतला. जानेवारी 2021 मध्ये त्यांतल्या काहींनी जाहीरपणे सांगितले की, कोरोनाची लस फुकट मिळेल आणि 750 रुपये मिळतील एवढेच आपल्याला कळले होते. चाचणी असल्याचे नीट समजावले नाही, संमतीपत्राची प्रत दिली नाही, अशा तक्रारी होत्या. गॅसपीडितांच्या संघटनांनी केंद्राकडे दाद मागितली. हॉस्पिटलने आरोप फेटाळले. 750 रुपये हे आमिष नसून भेटीमागे दिली जाणारी भरपाई आहे, असे कंपनीचे म्हणणे होते.

याच केंद्रावरील एका स्वयंसेवकाचा डिसेंबर 2020 मध्ये मृत्यू झाला. प्राथमिक तपासणीत मृत्यूचा संबंध चाचणीशी दिसत नाही, असे कंपनीने कळवले. शवविच्छेदनात विषबाधेचा संशय व्यक्त झाला होता. लसीचे म्हणाल तर तिचा निकाल चांगला आला. 'लॅन्सेट'मधील अभ्यासानुसार तिची परिणामकारकता 77.8 टक्के होती.

म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. औषध चांगले असू शकते आणि संमती घेण्यात खोट राहू शकते. ज्याच्या घरात रोजची मजुरी 300-400 रुपये येते, त्याच्यासाठी 750 रुपये ही रक्कम 'नाही' म्हणणे अवघड करते. शाहपुऱ्यातल्या पेन्शनरसमोर हा पेच नसतो. पण "डॉक्टर म्हणाले म्हणून केली सही" ही सवय तिथेही आहे आणि धोका तितकाच आहे.

2019 च्या नियमांप्रमाणे तुमचे हक्क

1. माहिती तुमच्या भाषेत. माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या साध्या भाषेत हवे. भोपाळ, बेळगाव, आदिलाबाद किंवा पणजीत असलात तरी हिंदी, कन्नड, तेलुगू किंवा इंग्रजी नीट वाचता येत नसेल तर मराठी फॉर्म मागा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

2. प्रत घरी. सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. सही करण्याआधी घरी नेऊन मुलांना, फॅमिली डॉक्टरला दाखवायलाही वेळ मागता येतो.

3. अक्षरओळख नसेल तर साक्षीदार. वाचता येत नसलेल्या व्यक्तीची संमती घेताना चाचणीशी संबंध नसलेला निष्पक्ष साक्षीदार हजर हवा. पूर्णपणे नव्या रसायनाच्या चाचणीत दुर्बल गटातील व्यक्तीच्या संमतीचे व्हिडिओ चित्रण करावे लागते.

4. केव्हाही बाहेर पडा. कारण न देता चाचणी सोडता येते. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

5. औषधाचे पैसे नाहीत. चाचणीतले औषध तुमच्या खर्चाने घ्यायचे नसते. येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी देता येते, पण ती रक्कम एथिक्स कमिटीने मंजूर केलेली हवी.

6. इजा झाली तर मोफत उपचार. चाचणीदरम्यान इजा झाल्यास उपचाराचा खर्च चाचणी करवणाऱ्या कंपनीने किंवा संस्थेने करायचा. इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेपर्यंत, यातले जे आधी घडेल तोवर. गंभीर घटना घडल्यास डॉक्टरने 24 तासांत केंद्रीय औषध नियंत्रकाला, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवायचे असते.

भरपाईचा हिशेब

चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई किती, याचे सूत्र नियमातच आहे. 8 लाख रुपये गुणिले वयाचा गुणांक गुणिले जोखमीचा गुणांक, भागिले 99.37. वयाचा गुणांक कामगार भरपाई कायद्यातून घेतला आहे. 40 व्या वर्षी तो 184.17 आणि 65 किंवा त्याहून अधिक वयाला 99.37 असतो. जोखमीचा गुणांक निरोगी व्यक्तीला 4, मध्यम जोखमीच्या पेशंटला 2, जास्त जोखमीच्या पेशंटला 1.

निरोगी, वय 40 : सुमारे 59.3 लाख रुपये
निरोगी, वय 65 च्या पुढे : 32 लाख रुपये
मध्यम जोखीम, वय 40 : सुमारे 29.65 लाख रुपये
मध्यम जोखीम, वय 65 च्या पुढे : 16 लाख रुपये
जास्त जोखीम, वय 65 च्या पुढे : 8 लाख रुपये

महिनाभरात मृत्यूची शक्यता 90 टक्के किंवा अधिक असलेल्या अत्यवस्थ पेशंटसाठी 2 लाखांची ठरावीक रक्कम आहे. पूर्ण अपंगत्व आल्यास मृत्यूच्या भरपाईच्या 90 टक्के रक्कम मिळते. आदेश आल्यापासून 30 दिवसांत पैसे द्यावे लागतात.

फक्त औषधाचा दुष्परिणामच नव्हे, तर आराखडा मोडल्याने झालेली इजा, किंवा प्लासिबोमुळे उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार न मिळाल्याने झालेली हानीही यात धरली जाते. हे पुष्कळांना माहीत नसते आणि हक्काचे पैसे तिथेच राहतात. इथे कागदच कामाला येतो. संमतीपत्राची प्रत, केस पेपर, औषध दिल्याच्या तारखा जवळ नसतील तर दावा उभाच राहत नाही.

एथिक्स कमिटी कोण असते?

प्रत्येक चाचणीला नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. तिच्यात किमान सात सदस्य असतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक महिला आणि एक कायदेतज्ज्ञ हवेत आणि निम्मे सदस्य त्या संस्थेच्या बाहेरचे हवेत. कमिटीच्या अध्यक्षांचा संपर्क माहितीपत्रकात छापलेला असतो. डॉक्टर दाद देत नसेल तर पहिली तक्रार तिथे, पुढची केंद्रीय औषध नियंत्रकाकडे. शस्त्रक्रिया किंवा अन्य पद्धतींच्या संशोधनालाही एथिक्स कमिटीची मंजुरी लागतेच.

चाचणी खरी आहे का, कसे तपासाल?

जून 2009 पासून चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणे सक्तीचे आहे. आयसीएमआर चालवत असलेली ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. फॉर्मवरचा सीटीआरआय क्रमांक टाका आणि चाचणी कोणाची, किती लोकांवर, कुठल्या हॉस्पिटलांत, याची माहिती जुळते का ते बघा. क्रमांकच नसेल तर विचारा. उत्तर नीट मिळाले नाही तर सही करू नका.

सही करण्याआधी विचारायचे सात प्रश्न

- हा उपचार आहे की चाचणी? कितव्या टप्प्याची?
- मला प्लासिबो मिळू शकतो का?
- भाग घेतला नाही तर माझ्यावर कोणते उपचार होतील?
- आजवर कोणते दुष्परिणाम दिसले आहेत?
- किती वेळा यावे लागेल, खर्च कोण देणार?
- रात्री-बेरात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा?
- चाचणी संपल्यावर औषध चालू राहणार का?

ही उत्तरे देणे डॉक्टरचे कामच आहे. पेशंटने विचारले म्हणून रागावणारे केंद्र असेल, तर त्या फॉर्मवर सही न केलेली बरी.