फॅक्टोरिओ: वर्गणीतून उभा राहिलेला कारखाना आणि त्यात न दिसणारा कामगार

फॅक्टोरिओ हा कॉम्प्युटरवर खेळायचा गेम आहे. झेकियातल्या प्राग शहरातल्या वूब सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने तो बनवला. यात कारखाना उभारायचा असतो, बस्स. गोष्ट फारशी नाही, हिरोला साधं नावही धड नाही. तरी २०२२ च्या अखेरीपर्यंत त्याच्या ३५ लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. एकदा खेळायला बसलं की पहाट कधी झाली ते कळत नाही, अशी तक्रार त्याचे चाहते मोठ्या अभिमानाने करतात.

इंडी गेम, क्राउडफंडिंग आणि ऑटोमेशन हे तीन शब्द तुम्ही वेगवेगळे ऐकले असतील. फॅक्टोरिओमध्ये तिन्ही एकत्र भेटतात, म्हणून समजून घ्यायला हे उदाहरण चांगलं आहे.

आधी 'इंडी'चा अर्थ. मोठ्या प्रकाशक कंपनीच्या पैशावर आणि तिच्या हुकमाखाली न बनलेला गेम म्हणजे इंडी. तो एका माणसाने केलेला असू शकतो. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एरिक बॅरोनने एकट्याने चार वर्षांहून जास्त काळ खपून केला आणि २०१६ मध्ये आणला. इंडी गेम पंचवीस-तीस जणांच्या टीमचाही असतो. टीम किती मोठी, यापेक्षा निर्णय कोण घेतो हे महत्त्वाचं.

गेममध्ये नेमकं करायचं काय?

तुमचं यान एका अनोळखी ग्रहावर कोसळतं. सुरुवातीला तुमच्याकडे जवळजवळ काहीच नसतं. हाताने लोखंडाचं खनिज खणायचं, दगडी भट्टीत कोळसा टाकायचा, खनिज वितळवून पत्रे काढायचे. दोन पत्र्यांचं एक गिअर होतं. एक गिअर आणि तांब्याचा एक पत्रा मिळून संशोधनाची लाल बाटली होते. अशा बाटल्या प्रयोगशाळेत घातल्या की नवं तंत्रज्ञान खुलं होतं.

पहिल्या दहा बाटल्या हाताने करता येतात. पुढे शेकडो लागतात. मग तुम्ही खणायचं यंत्र बसवता, माल वाहायला सरकता पट्टा टाकता, पट्ट्यावरचा माल उचलून भट्टीत टाकणारा यांत्रिक हात लावता, आणि जोडणीचं यंत्र आणता. आता गंमत बघा. हिरवी बाटली करायला एक यांत्रिक हात आणि पट्ट्याचा एक तुकडा लागतो. म्हणजे जी यंत्रं तुम्ही वापरताय तीच आता कच्चा माल झाली, आणि ती बनवायलाही यंत्रंच लावावी लागतात. कुठेतरी तांबं कमी पडतं आणि सगळी लाइन थांबते. ते सोडवलं की वीज कमी पडते. वीज वाढवली की कोळसा पुरत नाही. हा सिलसिला रॉकेट उडेपर्यंत चालतो, आणि बऱ्याच जणांचा त्यानंतरही.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. एक छोटं काम नीट बांधा, त्याची नक्कल करा, मग नकला एकमेकींना जोडा. गेम कोडची एक ओळ न लिहायला लावता ही सवय लावतो. म्हणूनच सॉफ्टवेअरवाल्यांना तो इतका आवडतो, असं माझं मत आहे.

पैसा कुठून आला?

मिखाल कोवार्झिकने २०१२ मध्ये काम सुरू केलं. माइनक्राफ्टमध्ये चाहत्यांनी घातलेल्या कारखान्यांच्या मॉडवरून कल्पना सुचली होती. २०१३ मध्ये टीमने इंडीगोगो या वेबसाइटवर मोहीम लावली आणि सुमारे २१ हजार ६०० युरो जमले. एका गेमसाठी ही रक्कम अगदीच किरकोळ आहे.

क्राउडफंडिंग म्हणजे वर्गणी. आपल्याला ती काही नवी नाही. श्याम बेनेगलांचा 'मंथन' हा १९७६ चा सिनेमा गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केला होता. आज हॉस्पिटलच्या खर्चासाठी मिलाप किंवा केटोच्या लिंका व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, तेही क्राउडफंडिंगच. फरक इतकाच की तिथे तुम्ही मदत करता, आणि गेमच्या मोहिमेत पुढे काहीतरी मिळेल या अपेक्षेने पैसे देता.

या अपेक्षेतच खरी अडचण आहे. किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम मुदतीत जमली नाही तर कुणाच्याच खात्यातून पैसे जात नाहीत. इथवर तुम्ही सुरक्षित आहात. पण रक्कम जमली की पैसे बनवणाऱ्याकडे जातात, आणि गेम वेळेवर येईल, चांगला होईल किंवा मुळात येईलच, याची जबाबदारी वेबसाइट घेत नाही. आपण दुकान नाही, असं किकस्टार्टरने २०१२ मध्येच जाहीर केलं होतं. तरीही बरेच लोक ते दुकान समजूनच वापरतात.

काय काय होऊ शकतं ते बघा. डबल फाइन या कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये ४ लाख डॉलर मागितले, मिळाले ३३ लाखांहून जास्त, ८७ हजारांवर लोकांकडून. इतका पैसा आला म्हणून गेमच मोठा करायचं ठरलं. जो ऑक्टोबर २०१२ मध्ये यायचा होता त्याचा पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१५ मध्ये आला. तोही 'ब्रोकन एज' या नावाने. लेखक नील स्टीव्हन्सन यांच्या 'क्लँग' या तलवारबाजीच्या गेमला त्याच वर्षी ५ लाख डॉलरांहून जास्त मिळाले. तो गेम कधी पूर्ण झालाच नाही, २०१४ मध्ये काम बंद केल्याचं जाहीर झालं.

उलट उदाहरणही आहे. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीने २०१४ मध्ये हॉलो नाइटसाठी ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले, ५७ हजार मिळाले, आणि २०१७ मध्ये गेम आला. वर्गणीदारांना हॉर्नेट नावाचं पात्र खेळायला द्यायचं एक वचन उरलं होतं. त्या पात्राचाच पुढे स्वतंत्र गेम झाला, सिल्कसाँग. तो सप्टेंबर २०२५ मध्ये आला, आणि जुन्या वर्गणीदारांना फुकट मिळाला.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी' या गेमची किकस्टार्टर मोहीम २०१७ मध्ये फसली. टीमने हार मानली नाही, दुसरीकडून पैसे उभे केले आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आणला. म्हणजे मोहीम फसली म्हणून गेम वाईट, असं समजायचं कारण नाही.

मला विचाराल तर कुठल्याही मोहिमेला पैसे देण्याआधी एकच गोष्ट बघा: आज खेळता येईल असं काही त्यांच्याकडे आहे का? सुंदर चित्रं आणि मोठी नावं सगळ्यांकडे असतात. फॅक्टोरिओवाल्यांची खरी ताकद मोहिमेत नव्हतीच. त्यांनी अर्धवट पण चालणारा गेम सुरुवातीपासून विकायला ठेवला, त्यातून पगार निघाले, आणि दर शुक्रवारी काय केलं, काय बिघडलं याचा हिशोब ब्लॉगवर लिहिला. पूर्ण आवृत्ती आली १४ ऑगस्ट २०२० ला, म्हणजे मोहिमेनंतर सात वर्षांनी. तोवर लोक वाट बघत बसले नव्हते, खेळत होते.

आणि हा गेम कधीच सेलमध्ये येत नाही. दिवाळी असो की ख्रिसमस, सवलत नाही म्हणजे नाही. उलट २०१८ मध्ये किंमत २० डॉलरवरून ३० केली, २०२३ मध्ये महागाईचं कारण देऊन ३५. मला हे धोरण प्रामाणिक वाटतं: पहिल्या दिवशी घेणारा मूर्ख ठरत नाही.

कारखान्यात माणसं कुठे आहेत?

आता मूळ मुद्दा. फॅक्टोरिओच्या अवाढव्य कारखान्यात एकही कामगार नाही. तुम्ही एकटे. प्रत्येक यंत्र जे काम काढून घेतं ते तुमच्याच हातातलं असतं, त्यामुळे दर वेळी सुटल्यासारखं वाटतं. पगार नाही, शिफ्ट नाही, युनियन नाही, घरी बसवलेला कुणी नाही. ऑटोमेशनची फक्त मजेची बाजू समोर राहते.

पूर्ण खरं सांगायचं तर गेम एक किंमत दाखवतो: प्रदूषण. धुराचे ढग पसरतात, झाडं त्यातला काही भाग शोषतात, उरलेला त्या ग्रहाच्या मूळ रहिवासी किड्यांच्या घरट्यांपर्यंत पोचतो आणि ते हल्ला करतात. पण यावर गेमचं उत्तर काय? बंदुका, आणि त्यांच्या गोळ्यांचं उत्पादनही ऑटोमॅटिक. बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम टोचायला ठेवलं असेल किंवा नसेल, मला ते दर वेळी टोचतं.

दुसऱ्या एका इंडी गेमने माणसांकडे पाहिलंय. टुमॉरो कॉर्पोरेशनच्या '७ बिलियन ह्यूमन्स' (२०१८) मध्ये सगळी कामं यंत्रं करतात, आणि माणसं तक्रार करतात की आम्हाला नोकऱ्या द्या. मग यंत्रं त्यांच्यासाठी एक भलंमोठं ऑफिस बांधतात. त्या ऑफिसात बिनकामाचं काम करणाऱ्या माणसांना तुम्ही हुकूम द्यायचे. विनोदी आहे, पण हसू घशात अडकतं.

गेमबाहेर ऑटोमेशन हा पट्टा कुठून कुठे न्यायचा एवढाच प्रश्न नसतो. अटी कोण ठरवणार, हा प्रश्न असतो. घरात कुणी बँकेतून निवृत्त झालेलं असेल तर विचारा: बँकांत कॉम्प्युटर यायला कर्मचारी संघटनांचा जोरदार विरोध होता, आणि १९८३ मध्ये संघटना आणि बँकांमध्ये त्याबद्दल करार झाला. कॉम्प्युटर आलेच, पण वाटाघाटी करून आले.

गेम बनवणाऱ्यांवर आज तीच वेळ आहे. अमेरिकेत गेमना आवाज देणारे आणि अंगाला सेन्सर लावून हालचाली देणारे कलाकार जुलै २०२४ मध्ये संपावर गेले. मुद्दा होता एआयचा: माझ्या आवाजाची नक्कल करायची तर मला विचारा आणि पैसे द्या. संप जून २०२५ मध्ये थांबला आणि करारात या अटी आल्या. पुण्या-मुंबईत परदेशी गेमसाठी चित्रं काढणारी, मॉडेल बनवणारी आणि टेस्टिंग करणारी बरीच तरुण मुलं आहेत. त्यांच्या बाजूने अशी वाटाघाट कोण करणार?

छोट्या टीमची अडचण वेगळी. दोन मित्र गेम करताहेत, चित्रकाराला द्यायला पैसे नाहीत, आणि एआय फुकटात चित्रं देतंय. त्यांना सरळ दोषी ठरवणं मला जमत नाही. मात्र लोकांकडून वर्गणी घेत असाल तर चित्रं कुणी काढली हे आधी सांगायलाच हवं. स्टीमने जानेवारी २०२४ पासून हे सक्तीचं केलंय. एआय वापरला असेल तर गेमच्या पेजवर खाली तशी नोंद असते. विकत घ्यायच्या आधी ती वाचा.

फोनवर खेळता येईल का?

फॅक्टोरिओची फोनसाठी आवृत्ती नाही. कॉम्प्युटरवर त्याचा डेमो फुकट मिळतो, आणि तो बराच वेळ पुरतो. अँड्रॉइडवर त्याच जातकुळीचा मिंडस्ट्री फुकट आहे. त्याचा कोडही सगळ्यांसाठी खुला आहे, म्हणजे कसं बनवलंय ते उघडून बघता येतं. टुमॉरो कॉर्पोरेशनचा आधीचा गेम, ह्यूमन रिसोर्स मशीन, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर आहे. तो विकत घ्यावा लागतो. त्यात कारखान्याऐवजी ऑफिस आहे, आणि यंत्रासारखं काम करणारे कारकून तुम्ही स्वतः आहात.