गारठलेलं इंजिन आणि माणसाचा हात



पौषातली एक पहाट डोळ्यांपुढे आणा. भोकरदन-जाफराबादकडच्या एखाद्या वाडीवर धुकं उतरलं आहे. दुधाचे कॅन मोटारसायकलला बांधून झाले आहेत, आणि गाडी काही केल्या चालू होत नाही. बटण दाबलं की कर्र कर्र आवाज येतो आणि सारं शांत. ओट्यावरून आजोबा सांगतात, "अरे, चोक ओढ!" नातू म्हणतो, "आबा, हिला चोकच नाही." "मग ॲक्सिलेटर पीळ." पिळून होतो. "मग उतारावर ढकला." ढकलून होते. तेवढ्यात दूध घेणाऱ्या केंद्राची वेळ टळून जाते आणि घरातला सकाळचा पैसा नासतो.

आजोबांचे हे तीन इलाज खोटे नव्हते. चाळीस वर्षं ते गावोगाव लागू पडले. मग आज ते का चालत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. तो इतिहास नीट समजला, तर दुरुस्तीचा निम्मा खर्चही वाचतो. म्हणून आज तो सांगायचा आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. पेट्रोल पातळ असताना जळत नाही, त्याची वाफ जळते. तापलेल्या इंजिनात ही वाफ आपोआप होते. थंड इंजिनात पेट्रोलचा थोडाच भाग वाफ होतो, बाकीचा नळीच्या भिंतीला ओला चिकटून राहतो. एक भार पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे पंधरा भार हवा लागते. पण गारठलेल्या इंजिनाला त्याहून पुष्कळ जास्त पेट्रोल द्यावं लागतं, तेव्हा कुठे पुरेशी वाफ हाती लागते. म्हणजे थंड इंजिनाच्या मागण्या तीन : जास्तीचं पेट्रोल, जोरदार ठिणगी, आणि पिस्टनची पक्की दाब. गेल्या सव्वाशे वर्षांत या मागण्या बदललेल्या नाहीत. त्या पुरवायच्या कुणी, एवढंच बदललं.

जर्मनीत निकोलाउस ओटो याने १८७६ साली चार टप्प्यांचं, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिन सिद्ध केलं. १८८५ साली गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी तसलंच लहान इंजिन लाकडी दुचाकीवर बसवलं. मोटारसायकलची ती आद्य पणजीच म्हणा ना. तिला विजेची ठिणगी नव्हती. एक नळी ज्योतीवर लाल होईतो तापवायची आणि मग इंजिन फिरवायचं, असा प्रकार होता. पुढे १८९३ च्या सुमारास मायबाखने फवारा मारणारा कार्बोरेटर केला. हवेच्या ओढीनेच पेट्रोल वर येऊन तिच्यात मिसळावं, अशी ही सुटसुटीत युक्ती. ती जगभर शंभर वर्षं टिकली. पण इंजिन थंड आहे की तापलेलं, हे कार्बोरेटरला कळत नाही. ते माणसाने ओळखायचं आणि चोक ओढून हवेची वाट अडवायची. हवा कमी झाली की मिश्रण दाट होतं.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मराठवाड्यात इंजिनाची थंडी शेतकऱ्याला प्रथम कळली ती मोटारसायकलवर नव्हे, विहिरीवर. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि पुढे डिझेलच्या इंजिनांची धडधड मळ्यामळ्यांत ऐकू येऊ लागली. ते चालू करायची रीत आजही पुष्कळांच्या दंडात आहे. दाब सोडणारी कळ उचलायची, हँडलने जड चाक गरगर फिरवायचं, वेग आला की कळ सोडायची. थंडीत एकट्याने जमत नसे, दोघे लागत.

मग दुचाक्या आल्या. मद्रासला १९५५ साली एन्फिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली आणि बुलेट आपल्याकडे तयार होऊ लागली. बुलेटचा तर एक विधीच होता. ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबायची, डीकॉम्प्रेसरची कळ ओढून पिस्टन जरासा पुढे न्यायचा, आणि मग एकच भरदार किक! चुकलं तर किक उलटून पायाच्या नडगीवर येई. म्हैसूरची जावा १९६० नंतर आली. तिच्या कार्बोरेटरवरचं बोंड पेट्रोल ओघळेपर्यंत दाबायचं, की झाला चोक. आणि १९८५ साल दोन कारणांनी आपल्या भागाला महत्त्वाचं. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी-१०० ही शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी बाजारात आली, आणि जालन्याहून दोन-अडीच तासांवर वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. जालना जिल्हा स्वतंत्र होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. पाणंद आणि खडीच्या वाटा पुष्कळ, एसटी मोजकी. मोटारसायकल म्हणजे चैन राहिली नाही. ती शिक्षकाची शाळा झाली, दूधवाल्याचा धंदा झाली, अडल्या रात्री पेशंटचं वाहन झाली.

त्याच सुमारास बाहेरच्या जगात कार्बोरेटरचे दिवस भरत आले होते. अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले, म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ साली विजेवर चालणारी इंजेक्शनची यंत्रणा मोटारीत आणली. पेट्रोल आता हवेने ओढून घ्यायचं नाही. पंपाने दाब द्यायचा, आणि इंजेक्टरने सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने मोजून फवारायचं. किती फवारायचं हे एक लहानसं गणकयंत्र ठरवतं. इंजिन किती थंड आहे, हे त्याला सेन्सर सांगतो. १९८० साली कावासाकीने हे तंत्र मोठ्या मोटारसायकलवर आणलं. मातीत उड्या मारणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. सुझुकीची २००८ सालची आरएम-झेड ४५० ही त्यांतली एक ठळक गाडी. तिला तर बॅटरीच नव्हती. किक मारली की तेवढ्याच विजेवर पंप, संगणक आणि ठिणगी, तिन्ही चालायचे.

आपल्याकडे २००६ साली हिरो होंडाने ग्लॅमर एफआय काढली, २००७ साली बजाजने पल्सर २२०. पण दोनच वर्षांनी ही पल्सर पुन्हा कार्बोरेटर घेऊन, कमी किमतीत आली! इतिहास असा सरळ रेषेत चालत नसतो. खरा पालट कायद्याने झाला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे नियम देशभर लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. मातीच्या वाटेसाठी केलेल्या हिरो एक्सपल्स २०० (२०१९) आणि रॉयल एन्फिल्ड हिमालयन (२०१६ ला कार्बोरेटरसह, २०१७ ला इंजेक्शनसह) या गाड्याही याच ओळीतल्या.

आता आजोबांचे इलाज का फसले, ते पाहा. चोकचं काम आता सेन्सर करतो. ॲक्सिलेटर पिळून कार्बोरेटरमध्ये चार थेंब जास्त जात. इंजेक्शनच्या गाडीत मात्र नुसती जास्तीची हवा आत जाते आणि गणकयंत्राचा हिशेब चुकतो. म्हणून सुरू करताना हात सैल ठेवावा. बॅटरी अगदीच उतरली असेल, तर पंपच फिरत नाही. मग गाडी बदनापूरपर्यंत ढकलली तरी पेट्रोल यायचं कुठून?

मग करायचं काय? क्रमाने जावं, अंदाजाने भाग बदलू नयेत. पहिली गोष्ट कान. लाल खटका चालूकडे आहे ना, हे पाहून चावी फिरवा आणि गप्प उभे राहा. दोन-तीन सेकंद टाकीतून 'ऊंऽऽ' असा बारीक आवाज यायला हवा. तो पंपाचा. आवाज नसेल तर फ्यूज आणि वायरींचे जोड बघा. गाडी मातीत आडवी पडली असेल, तर कलंडल्याची खूण देणारा सेन्सर इंजिन बंद ठेवतो. गाडी उभी करून चावी एकदा बंद करून पुन्हा चालू करावी.

दुसरी गोष्ट बॅटरी. थंडीत तिची ताकद घटते. विसावलेली चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. बटण दाबताना ती दहाच्या खाली कोसळली, तर दोष तिचा किंवा गंजलेल्या टोकांचा. स्टार्टर फिरतो, पण गणकयंत्राला वीज अपुरी पडते, असंही होतं.

तिसरी गोष्ट प्लग. बऱ्याच वेळा स्टार्टर मारून प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल फार झालं. पॅनेलवरचा इंजिनाचा दिवा चालू गाडीतही पेटून राहत असेल, तर मिस्त्रीकडून दोषाचा आकडा वाचून घ्या. तापमानाचा सेन्सर बिघडून थंड इंजिनाला 'तापलंय' असं सांगू लागला, तर गणकयंत्र पेट्रोल कमी देतं आणि गाडी रुसते.

चौथी गोष्ट आपल्या मातीची. उन्हाळ्यात काळ्या रानाची धूळ पिठासारखी उडते. एअर फिल्टर फाटका किंवा कोरडा असेल तर ती थेट आत जाते आणि व्हॉल्व्हच्या बैठका झिजवते. व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटमधली फट संपते, आणि दाब गळू लागते. दिवसा तापलेलं इंजिन कसंबसं चालतं, पहाटे मात्र उठत नाही. अशा गाडीत लोक इंजेक्टर बदलतात, बॅटरी बदलतात. हवं असतं ते टॅपेट सेटिंग. नव्या तंत्राच्या गाडीचा हा सगळ्यांत जुना आजार आहे.

आणखी एक. आपल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. वाफ व्हायला त्याला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि ते पाणी शोषतं. म्हणून महिनोन् महिने टाकीत पडलेलं पेट्रोल थंडीत त्रास देतं.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. विद्यार्थ्याच्या तळहातावर स्पिरिटचा एक थेंब टाका. गार लागेल. वाफ होताना उष्णता जाते, हा धडा तिथेच समजेल, आणि इंजिन पहाटे का अडतं तेही. एवढं मात्र बजावून सांगा : पेट्रोलजवळ ज्योत नेऊ नये, आणि बंद गोठ्यात वा खोलीत गाडी चालू ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावाचून जीव घेतो.

शेवटी आजोबांकडे वळू. त्यांचा चोक गेला, किक बहुतेक गाड्यांतून गेली. पण त्यांचा कान गेलेला नाही. विहिरीवरच्या इंजिनाचा दम ज्याने ओळखला, त्याला स्टार्टरचा मंदावलेला आवाज पहिल्याच झटक्यात कळतो. "बॅटरी उतरलीय रे," असं ते म्हणाले तर ऐकावं. आणि नातवाने चावी फिरवून पंपाचा आवाज त्यांना ऐकवावा. पेट्रोल, ठिणगी आणि दाब या तीन मागण्या दोघांच्याही ओळखीच्या आहेत. दोघांनी मिळून शोधलं, तर दूध वेळेवर पोचेल.