दाण, दवंडी आणि चोरवाट

औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, अजिंठ्याकडे जाणारी सडक फुलंब्री आणि सिल्लोड ही गावे मागे टाकीत घाटमाथ्यास पोहोचते. घाट उतरला की फर्दापूर लागते आणि तेथून थोड्याच अंतरावर खानदेश सुरू होतो. आज या प्रवासात केवळ जिल्हा बदलतो. १९४८ पर्यंत मात्र येथे राज्य बदलत असे. अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे १९४७ पर्यंत इंग्रजांचा. अलीकडे हाली शिक्क्याचा रुपया, पलीकडे कलदार. १८०२ सालच्या व्यापारी तहान्वये हद्दीवरून येणाऱ्याजाणाऱ्या मालावर शेकडा पाच जकात घेण्याचा अधिकार निजामाकडे होता. ही जकात वसूल करणाऱ्या खात्याचे नाव होते करोडगिरी.

या शब्दाची कुळकथा मोठी मौजेची आहे. अकबर बादशहाने १५७५ च्या सुमारास खालसा मुलखाची अशी वाटणी केली की, एकेका अंमलदाराच्या हाताखाली एक कोटी दामांच्या उत्पन्नाचा प्रदेश यावा. त्या अंमलदारास 'करोडी' हे नाव पडले. पुढे कोटीचा हिशेब लोकांच्या ध्यानातून गेला आणि करोडी म्हणजे वसुली करणारा, एवढाच अर्थ मागे उरला. अशा रीतीने तो शब्द फिरत फिरत हैदराबाद संस्थानच्या जकातनाक्यावर येऊन बसला.

जेथे नाका, तेथे नाका चुकविणारी वाट असावयाचीच. त्या वाटेने माल नेण्याच्या कृत्यास नाव काय द्यावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. हैदराबाद संस्थानात दप्तर उर्दू आणि प्रजा मुख्यत्वे तेलुगू, मराठी व कानडी. आजच्या तेलुगूत या कृत्यास 'दोंगरवाणा' आणि कानडीत 'कळ्ळसागणे' म्हणतात. 'दोंग' म्हणजे चोर आणि 'कळ्ळ' म्हणजेही चोरच. मिळून अर्थ चोरटी वाहतूक. यांतील 'रवाणा' हा आपल्याकडचा फारसी 'रवाना'च होय. जुन्या जकातीच्या व्यवहारात रवाना म्हणजे माल पुढे जाऊ देण्याचा सरकारी परवाना. तेव्हा ज्या शब्दाने कायदेशीर माल पुढे सरके, त्यालाच चोर जोडून बेकायदा मालाचे नाव तयार झाले! बंगाली 'चोराचालान' हा शब्दही याच बांधणीचा आहे. उर्दूने खटपट न करता इंग्रजी शब्दच उचलला. तमिळ मात्र निराळी. तिचा शब्द 'कडत्तल'. त्याचा मूळ अर्थ पलीकडे नेणे. त्यात चोरही नाही आणि सरकारही नाही, केवळ ओलांडणे आहे.

मराठीत दोन शब्द रूढ आहेत, 'दाणचोरी' आणि 'तस्करी'. ते समानार्थी म्हणून वापरले जात असले, तरी त्यांच्या पोटात निराळे न्याय दडलेले आहेत.

'दाणचोरी' हा शब्द आपण आणि गुजराती यांच्यात समाईक आहे. गुजरातीत दाण म्हणजे मार्गावर घेतली जाणारी जकात. कृष्णाने गोपींची वाट अडवून दह्यादुधाचे दाण मागावे, ही कथा व्रजात 'दानलीला' आणि गुजरातेत 'दाणलीला' या नावांनी शतकानुशतके गाइली गेली आहे. आपल्याकडील गौळणींतही मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणी वाटेत अडविल्या जातातच. या सर्व वाङ्मयात जकात चुकवू पाहणाऱ्या गवळणींविषयी कोणाही कवीच्या मनात राग दिसत नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दाणचोर हा दाणाचा चोर होय. त्याने सरकारचे देणे बुडविले. शेजाऱ्याच्या घरास भोक पाडले नाही.

'तस्कर' या शब्दाची गोष्ट तशी नाही. तो ऋग्वेदाइतका जुना असून त्याचा अर्थ चोर, वाटमाऱ्या, असाच आहे. यजुर्वेदातील रुद्रसूक्तात रुद्रास इतर अनेक विशेषणांबरोबर तस्करांचाही अधिपती म्हटले आहे. तेथे जकातीचा संबंध नाही. या वैदिक शब्दास 'ई' जोडून 'तस्करी' करणे आणि त्यास जकातबुडवेपणाचा अर्थ देणे हे अलीकडचे काम असून, हिंदीच्या वाटेने ते मराठीत मुरले.

आता प्राचीन धर्मशास्त्रकारांनी या दोन अपराधांची गल्लत केली होती काय? मुळीच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. जकातघराच्या ध्वजापलीकडे जो शुल्क न देता माल नेईल, त्यास शुल्काच्या आठपट दंड सांगितला आहे. मनुस्मृतीनेही शुल्कस्थान टाळणाऱ्यास आठपटच दंड ठरविला. चोरास मात्र त्याच ग्रंथांत हातपाय तोडण्यापर्यंतच्या शिक्षा आहेत. पैशाच्या अपराधास पैशाचा दंड, असा हा हिशेब होता. मनूने तस्करांचे प्रकट आणि गुप्त असे दोन वर्ग करून, मालाच्या विक्रीत फसवणूक करून जगणारांस प्रकट तस्करांत बसविले आहे. म्हणजे त्याच्या दृष्टीने भेसळ करणारा दुकानदार हा नाका चुकविणाऱ्यापेक्षा तस्कर या पदवीच्या अधिक जवळ येतो. आजच्या भाषेने हा विवेक सोडून दिला, हे बरे झाले असे म्हणवत नाही.

युरोपीय भाषांनी वाट वेगळी धरली. पोर्तुगीज आणि स्पॅनिश शब्द 'कोंत्राबांदो'. 'बांदो' म्हणजे राजाचा जाहीरनामा. हा शब्द मराठीत आणावयाचा तर 'दवंडीविरुद्ध' असाच आणावा लागेल. येथे अपराध चोरीचा नसून अवज्ञेचा आहे. काल दवंडी पिटली नव्हती, तोवर हाच माल निर्दोष होता. गोव्याच्या हद्दीवर तर याचा अनुभव दोन्ही बाजूंनी येई. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणारे मीठ स्वस्त पडून स्वराज्यातील मिठाचा व्यापार बुडेल, म्हणून त्यावर जबर जकात बसवावी, अशी त्यात आज्ञा आहे. त्या दिवसापासून बारदेशचे मीठ चवीने तेच राहिले, परंतु नाका टाळून ते आणणारा अपराधी झाला.

इंग्रजी 'स्मगलिंग' हा शब्द सतराव्या शतकात डच व उत्तर जर्मनीच्या बोलींतून आला. जर्मन भाषेत याच अर्थी 'श्लाइखहांडेल' असाही शब्द होता. शब्दशः 'सरपटत केलेला व्यापार'. इंग्लंडातून लोकर बाहेर नेण्यास बंदी असताना ती रात्री किनाऱ्यावरून नेणारांस 'आउलर' म्हणत, आणि लोकांची समजूत अशी की, ते नाव घुबडावरून पडले. या शब्दांत अपराधाचे मोजमाप नाही. चालण्याची ढब आहे, अंधार आहे.

सर्वांत बोलके शब्द पश्चिम आशियाचे. तुर्की 'काचाक' म्हणजे पळालेला. तोच शब्द फारसीत 'काचाक' होऊन या व्यापाराचे नाव झाला. अरबी 'तहरीब' म्हणजे पळावयास लावणे. माल जणू कैदेत होता आणि कोणी त्यास सोडविले! जकात या शब्दाचे मूळही अरबीच, आणि तेथे ती श्रद्धाळू मनुष्याने संपत्तीतून द्यावयाची धार्मिक देणगी होय. धर्मदायाचे नाव नाक्यावरच्या वसुलीस मिळाले, ते आपल्या राज्यकर्त्यांच्या चातुर्याने.

शब्दांचा हा फरक केवळ कोशातला नाही, हे एकोणिसाव्या शतकातील माळव्याच्या अफूवरून उघड होते. शिंदे व होळकर यांच्या मुलखात पिकणारी ही अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्याबाहेरची होती. ती कंपनीच्या हद्दीतून जाऊ नये म्हणून कंपनीने अटकाव केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी ती मारवाडातील पालीवरून कराचीस आणि तेथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणास नेली. कंपनीच्या लेखी हे स्मगलिंग. दमणास पोर्तुगीजांनी आपले शुल्क घेतले की तीच पेटी सोवळी. पुढे १८३० च्या सुमारास कंपनीने धोरण बदलले आणि परवान्याचे पैसे भरले तर मुंबईवरून माल जाऊ दिला. आता तीच अफू प्रतिष्ठित व्यापाराचा माल झाली. परंतु जहाज चीनच्या किनाऱ्यास लागताच तिला पुन्हा कलंक लागे, कारण तेथील बादशहाची अफूस बंदी होती. या व्यवहाराचा चिनी शब्द 'खाजगी वाटेने जाणे' अशा अर्थाचा आहे. १८३९ मध्ये लिन त्से-शू या अधिकाऱ्याने कँटनजवळ वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, तेव्हा इंग्रजांनी 'आमच्या व्यापाऱ्यांची मालमत्ता' म्हणून आरोळी ठोकली आणि युद्ध पुकारले. जे इंग्रज दमणच्या वाटेस चोरवाट म्हणत होते, त्यांना कँटनची वाट राजमार्ग वाटली.

निजामाच्या राज्यात हा शब्दांचा झगडा अखेरच्या वर्षात रक्तापर्यंत गेला. १५ ऑगस्ट १९४७ नंतर संस्थान वेगळे राहू पाहत होते. सरहद्दीवरच्या कॅम्पांतून स्वयंसेवक आत येत, शस्त्रे आणीत आणि करोडगिरीचे नाके जाळीत. निजामाच्या दप्तरी ते गुन्हेगार. मराठवाड्यातील घराघरांत ते मुक्तिसंग्रामाचे सैनिक. त्याच सुमारास, १९४८ मध्ये, सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरभरून निजामासाठी शस्त्रे आणीत होता. हिंदुस्थान सरकारच्या दृष्टीने ही चोरटी आयात. निजामाच्या दृष्टीने एका राज्याने केलेली खरेदी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद शरण आले आणि कोणता शब्द खरा, याचा निकाल लागला. करोडगिरी हा शब्दही पुढे बोलण्यातून गेला. आज तो मुख्यतः मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत भेटतो, आणि तोही बहुधा 'नाका जाळला' या क्रियापदासह.

'तस्करी' मात्र वाढतच गेली. सोने, घड्याळे, चंदन, वाघाचे कातडे असा प्रवास करून ती आता माणसांपर्यंत आली आहे. भारतीय संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाच्या मराठी पाठात माणसांच्या 'अपव्यापारा'स मनाई आहे. वृत्तपत्रे त्याला 'मानवी तस्करी' म्हणतात. या एका ठिकाणी वृत्तपत्रांचा शब्द अधिक बरोबर आहे. येथे कोणाचे दाण बुडत नाही आणि केवळ दवंडीचाही भंग होत नाही. येथे आईबापांच्या घरातून मूल नाहीसे होते, आणि वेदकाळापासून तस्कर म्हणतात तो यालाच.